मातीच्या मूर्तींना पवनीत घर हवे

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणारा रस्ता पहेला, अड्याळ ही गावे मागे टाकत धानाच्या बांध्यांमधून जातो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. भंडारा जिल्ह्याची ओळख पितळी भांड्यांची, धानाची आणि तलावांची. मातीच्या मूर्तिकामाचे नाव या यादीत सहसा येत नाही. पण श्रावणात या भागातल्या एखाद्या कुंभाराच्या अंगणात थांबले, तर जे पाहायला मिळते ते कुठल्याही कलादालनाच्या तोडीचे असते. फरक एवढाच, की इथले प्रदर्शन दर वर्षी पाण्यात विरघळते आणि पुढच्या वर्षी पुन्हा घडते.

श्रावण वद्य अष्टमीला झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, घरोघरी कान्होबा बसतो. कृष्णाची ही मातीची मूर्ती रात्रभर भजनांत जागवायची आणि दुसऱ्या दिवशी विसर्जित करायची. आठवडाभरात पोळा. ज्यांच्या दारात बैलजोडी नाही, ते मातीच्या बैलांची पूजा करतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो मात्र लाकडी नंदींचा आणि लेकरांचा. मग गणपती. भाद्रपद पौर्णिमेपासून विदर्भात मुली भुलाबाई मांडतात आणि कोजागिरीला तिला ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात बसवतात. मध्ये दुर्गा आणि शारदा येऊन जातात. एवढ्या सगळ्या देवांना रूप देणारे हात मात्र मोजक्याच घरांत उरले आहेत.

बैल कसा घडतो ते पाहण्यासारखे आहे. तलावाकाठची किंवा नाल्याची चिकण माती भिजवायची, खडे वेचायचे आणि पायाने तुडवून ती लोण्यासारखी मऊ करायची. हाताएवढा एक लोळा वळला की धड तयार. त्यावर दोन बोटांच्या चिमटीने माती वर ओढली की वशिंड उभे राहते. पाय आणि शिंगे वेगळी वळायची. जोडाच्या जागी काडीने चरे पाडायचे, पातळ चिखल लावायचा आणि मगच ती बसवायची. चरे पाडले नाहीत, तर वाळताना शिंग गळून पडते. मोठ्या मूर्तीला आतून बांबू आणि तणसाचा सांगाडा लागतो. तडे जाऊ नयेत म्हणून मातीत कापसाचे तंतू मिसळतात. वाळवण सावलीत आणि सावकाश करायचे, कारण उन्हाने वरची माती आधी आकसते आणि मूर्ती उलते.

माठाची रीत वेगळी. चाकावरून उतरलेला माठ जाड आणि लहान असतो. आतून गोळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकत त्याला पातळ आणि गोल करायचे. कान तयार असेल तर नुसत्या आवाजावरून भिंतीची जाडी कळते. नंतर आव्यात गोवऱ्या, लाकूड, तणस रचून भाजणी. उघड्या आव्यातली आच साधारणपणे ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. स्टोनवेअरला लागणारी १,२०० अंशांची आच इथे नसते, त्यामुळे भिंतीत बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी झिरपते, हवेत उडते आणि आतले पाणी गार होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात या कमी आचेचेच मोल आहे. जुन्या घरांवरची कवेलूही याच हातांनी केलेली.

हे ज्ञान किती जुने आहे, याचा पुरावा याच रस्त्याच्या टोकाला आहे. एका बाजूला वैनगंगा आणि उरलेल्या बाजूंना मातीचा तट व खंदक, अशी पवनीची जुनी रचना. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. त्याचे नेतृत्व शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्याकडे होते. जगन्नाथ टेकडीवर मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला, मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले आणि सोबत काळ्या-तांबड्या खापरांचे थर लागले. ही खापरे बाहेरून तांबडी, आतून व काठाशी काळी. भांडे पालथे घालून भुशात भाजले, की आत हवा पोचत नाही आणि तो भाग काळा पडतो. बाहेरच्या बाजूला हवा लागते आणि मातीतले लोह तांबडे होते. एकाच भाजणीत दोन रंग साधणारा कारागीर अडाणी नव्हता. आच आणि हवा यांचे नाते त्याला पुरते ठाऊक होते.

इथेच एक विसंगती दिसते. भाजलेले खापर दोन हजार वर्षे टिकले, पण पन्नास वर्षांपूर्वीचा कान्होबा आज कुठेच सापडणार नाही, कारण तो विरघळण्यासाठीच घडला होता. म्हणून ही कला केवळ वस्तू जमवून जपता येणार नाही. जपायचा आहे तो हात. तो हातच आज अडचणीत आहे. सिमेंटच्या स्लॅबने आणि पत्र्याने कवेलू हटवली, फ्रिजने माठ मागे टाकला आणि साच्यातल्या प्लास्टरच्या मूर्तींनी बाजार व्यापला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढून नैसर्गिक मातीचा आग्रह धरला. पण नियमाने मूर्ती घडत नाही. त्यासाठी घडवणारा टिकावा लागतो, त्याला माती मिळावी लागते आणि वाळवणाला जागा लागते.

पवनीत एक छोटे मातीशिल्प दालन उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. एका भिंतीशी इथली प्राचीन खापरे, दुसऱ्या भिंतीशी त्या त्या ऋतूच्या मूर्ती आणि मधोमध फिरते चाक. चाकावर बसणाऱ्या कुंभाराला मानधन असावे आणि शाळेच्या मुलांना मातीत हात घालायची मुभा असावी. स्तूप पाहायला येणारा प्रवासी तिथे तासभर सहज रमेल. खर्च फार नाही, इच्छा हवी. ते होईपर्यंत आपण एवढे करू शकतो: या वर्षीचा कान्होबा, बैलजोडी आणि गणपती थेट कुंभाराच्या अंगणातून घ्यावा आणि सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नये.