पालकसभेला आई, कौतुक बाबांचं

रात्री पावणेदहाला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो. उद्या ‘ग्रीन डे’. मुलांना हिरवे कपडे, डब्यातही काहीतरी हिरवं. लगेच अंगठ्यांची रांग लागते. कुणीतरी विचारतं, पोपटी चालेल का? एखादी पालकपुऱ्यांचा बेत जाहीर करते आणि ज्यांच्या घरी सकाळी पोहेच व्हायचे असतात, त्यांच्या पोटात खड्डा पडतो. ग्रुपवर बाबालोकही असतात. बहुतेकांनी तो म्यूट करून ठेवलेला असतो.

हल्लीच्या आईबाबांवर फार अपेक्षा आहेत, असं आपण सरसकट म्हणतो. ते अर्धंच खरं. अपेक्षा दोघांच्या नावावर मांडल्या जातात, वसुली मात्र आईकडून होते. मूल हट्टी झालं की ‘आईचं लक्ष नाही’. बाबा एकदा पालकसभेला उगवले की ‘किती करतात हो मुलांचं!’

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात हा हिशेब मिनिटांत मांडलेला आहे. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात बायकांची दिवसाला १३७ मिनिटं जातात, पुरुषांची ७५. घरकामाचे आकडे २८९ आणि ८८. ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्यांची आहे. ज्यांनी दिवसभरात काडी इकडची तिकडे केली नाही, ते पुरुष तिच्यात धरलेलेच नाहीत.

सरकारी नियमही त्याच समजुतीवर उभे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. चांगलंच केलं. पुरुषाला ती कधी? तर बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. धडधाकट आई घरात असताना बापाला मुलासाठी रजा लागेल, ही शक्यता नियम लिहिणाऱ्याच्या मनाला शिवलेली दिसत नाही.

आदर्श आईची मूर्ती आपल्याकडे कुठून आली, हे सांगायला नको. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तेव्हा आई जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि ही आई घराघरांत पोचली. पुस्तकाच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण ते एका मुलाने, आईच्या माघारी, ओल्या डोळ्यांनी केलेलं स्मरण आहे. आपण त्याची फूटपट्टी केली आणि हयात बायकांना लावत सुटलो. बरं, श्यामच्या आईकडून संस्कारांची अपेक्षा होती. ऑलिम्पियाड, स्क्रीनचे मोजून तास आणि थर्माकोलचा ज्वालामुखी यांची नव्हती. आजच्या आईला जुनी यादी माफ झालेली नाही, तिला नवी जोडली गेली आहे.

ही नवी यादी कुठून आली? आयांना हौस आली म्हणून नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ होता. घरात एक किंवा दोन मुलं, म्हणजे सगळी भिस्त तेवढ्यांवरच. त्यात स्पर्धा अशी, की २०२४ च्या ‘नीट’ला सुमारे २४ लाख मुलांनी नावं नोंदवली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर. मथियास डोपके आणि फाब्रिझिओ झिलिबोत्ती या अर्थतज्ज्ञांनी २०१९ च्या पुस्तकात हेच नातं उलगडून दाखवलं. जिथे उत्पन्नातली दरी मोठी आणि शिक्षणावर पुढचं सगळं ठरतं, तिथले पालक मुलांच्या मागे हात धुऊन लागतात. स्वीडनमधले त्या मानाने निवांत असतात. तेव्हा दुसरीतल्या पोराला अबॅकसला घालणाऱ्या आईला हसण्याआधी तिच्यापुढचा बाजार बघावा.

या धावपळीत डोनाल्ड विनिकॉट आठवावेत. हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९४० च्या दशकात ते बीबीसी रेडिओवरून आयांशी बोलत. पुढे त्यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. तान्ह्या बाळाची गरज आई जवळजवळ पूर्ण भागवते. ते वाढतं तशी ती थोडी थोडी कमी पडत जाते. दूध यायला जरा उशीर, हाकेला जरा उशिरा ओ. बाळाला झेपेल इतकंच हे उणेपण असतं, आणि त्यातूनच जग आपल्या तालावर चालत नाही हे त्याला उमगतं. म्हणजे कधी पोहेच डब्यात गेले, तर ते मुलाच्या वाढीच्या आड येत नाही. ग्रुपवरच्या पालकपुऱ्यांपुढे हे सुचणं अवघड, ही गोष्ट वेगळी. शिवाय विनिकॉटही बोलले ते आयांशीच!

निव्वळ दिलाशाने भागणारही नाही. मुलाला सांभाळायला दुसरे हात लागतात, आणि त्यासाठी कायद्यात थोडी सोय आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. कामाच्या वेळात दिवसातून चारदा त्या पाळणाघरात जाऊन यायची मुभाही दिलेली आहे. ती आईला. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बाप काम करत असला, तरी त्याच्याबद्दल कलमात अवाक्षर नाही.