खेळाडूचा दुसरा डाव

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीहून मुंबईच्या मैदानांकडे निघालेली, पाठीवर क्रिकेटची पिशवी घेतलेली मुले तुम्ही लोकलच्या गर्दीत पाहिली असतीलच. त्यांतल्या फार थोड्यांना देशाचा संघ लाभतो. आणि ज्यांना लाभतो, त्यांचेही खेळणे तिशी-पस्तिशीत संपतेच. मग पुढे काय? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर अजित वाडेकर यांच्या आयुष्यात सापडते.

वाडेकरांचा जन्म 1941 चा. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात, आणि ओढा इंजिनिअरिंगकडे. बाळू गुप्ते यांनी बसमध्ये विचारले, "कॉलेजच्या संघात बारावा गडी होतोस का?" एका सामन्याचे तीन रुपये मिळत. तेथून सुरुवात झाली. 1966 साली ते पहिली कसोटी खेळले. 1971 मध्ये विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने त्यांच्याकडे कप्तानपद आले, आणि त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोघांनाही त्यांच्याच भूमीवर हरवले. ओव्हलच्या अखेरच्या दिवशी वाडेकर सकाळीच 45 वर धावबाद झाले. मग काय केले त्यांनी? खोलीत जाऊन चक्क झोपले! जिंकल्याची बातमी सांगायला केन बॅरिंग्टनने त्यांना उठविले. याला बेफिकिरी म्हणू नका. आपल्या गड्यांवरचा तो विश्वास होता.

पण लोकांचे प्रेम मोठे लहरी! 1974 मध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव 42 धावांत आटोपला, मालिका 3-0 अशी गेली आणि ज्यांनी हार घातले त्यांनीच दगड उचलले. वाडेकरांनी खेळणे थांबविले. ते स्टेट बँकेच्या नोकरीत रमले. मात्र खेळाशी वैर धरले नाही.

1990 नंतर ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. 1993 मध्ये मायदेशी इंग्लंडवर 3-0 असा विजय मिळाला. 1994 साली ऑकलंडला सिद्धूची मान आखडली, तेव्हा तरुण सचिन तेंडुलकरने सलामीला जाण्याचा हट्ट धरला. कप्तान अझरुद्दीन आणि वाडेकर यांनी तो मानला. सचिनने 49 चेंडूंत 82 धावा काढल्या! पुढे वाडेकर निवड समितीचे अध्यक्ष झाले. दिव्यांग खेळाडूंच्या क्रिकेट संघटनेचे कामही त्यांनी पाहिले. 2018 साली ते निवर्तले.

यातून घ्यावयाचे काय? खेळाडूला स्वतःच्या धावा मोजाव्या लागतात, शिक्षकाला दुसऱ्याच्या. आणि निवड करणाऱ्याला तर 'नाही' म्हणण्याचे कडू काम करावे लागते. ज्याने स्वतः दगड सोसले, त्याला हरलेल्या मुलाचे मन कळते. म्हणून पालकहो, मुलगा संघातून वगळला गेला तर त्याची पिशवी माळ्यावर टाकू नका. उद्या गल्लीतल्या पोरांना बॅट धरायला शिकवणारा, सामने भरविणारा तोच असेल.