गडचिरोली : माणसे विरळ, कामाचे महिने त्याहून विरळ

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा तोडून गडचिरोली जिल्हा झाला. उत्तरेला कोरची-कुरखेडा, दक्षिणेला गोदावरीकाठचे सिरोंचा, पश्चिमेला वैनगंगा आणि पूर्वेला छत्तीसगडचे डोंगर. क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश जंगल. 1991 च्या जनगणनेत इथे 7,87,010 माणसे होती, 2001 मध्ये 9,70,294 आणि 2011 मध्ये 10,72,942. म्हणजे दर चौरस किलोमीटरला 74. राज्याची सरासरी तेव्हा 365 होती.

या आकड्यांवरून बाहेरचा माणूस एकच निष्कर्ष काढतो : रिकामा, मागास जिल्हा. मला तो निष्कर्ष मान्य नाही. इथे माणूस कमी आहे हे खरे, पण दुखणे ते नाही. इथे कष्टांना तोटा नाही, बारमाही कामाला आहे. गेल्या चार दशकांत जे बदलले आणि जे बदलले नाही, ते या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी माणसांचे बघू. पहिल्या दशकातली 23 टक्क्यांची वाढ दुसऱ्या दशकात साडेदहा टक्क्यांवर आली. दरम्यान गावोगावच्या बाळंतपणाची तऱ्हा बदलत होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू घटवता येतात हे दाखवून दिले. त्याआधी, 1973 पासून, हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया पाड्यांसाठी दवाखाना चालवत होते. इथली वस्तीही एकसुरी नाही. गोंड आणि माडिया तर मूळचेच. सिरोंच्याकडे घरात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी, आणि मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे. त्या कुटुंबांनी जंगलकाठी धान आणि मासळीवर संसार पुन्हा उभा केला, याची दखल आपण फारशी घेत नाही.

आता कामाचे. इथले वर्ष धानापासून सुरू होते. मृग बरसला की पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात वाकून रोवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी. बहुतेक बांध्यांना पावसाचे नाहीतर बोडी-तलावाचे पाणी, म्हणून पीक एकच. फार तर ओलीवर लाखोळी फेकायची. धान घरात आले की गावागावांत मंडई भरते, रात्रभर नाटके रंगतात. वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. नट, वादक, मंडपवाले, रंगपटवाले अशा कितीतरी घरांची चूल दिवाळी ते होळी या हंगामावर पेटते. हा रोजगार सरकारी योजनेने दिलेला नाही, लोकांनी तिकीट काढून उभा केलेला आहे.

मग मोहफुले आणि एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. पहाटे अंधारातच सगळे घर जंगलात जाते, म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत. ऊन तापायच्या आत पाने खुडून आणायची, दुपारभर अंगणातल्या सावलीत सत्तर-सत्तर पानांचे पुडे सालीच्या दोरीने बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हे काम पंधरा-वीस दिवस चालते, पण वर्षातली हातात पडणारी सर्वांत मोठी रोकड अनेक घरांत याच दिवसांत येते. लग्न, पोराची फी, सावकाराचे देणे, सगळे त्यातून भागते. 1980 च्या सुमारास नक्षलवादी प्राणहिता ओलांडून इकडे आले, तेव्हा तेंदूची मजुरी आणि बांबूकटाईचा दर हेच प्रश्न घेऊन आले. पिळवणूक खरी होती, म्हणून त्यांना कान मिळाले. पुढे त्याच लोकांच्या पोरांचे रक्त दोन्ही बाजूंनी सांडले, याचा हिशेब कोणत्याही रोजगार अहवालात नाही. पोलीस भरती हा इथल्या तरुणांचा नोकरीचा मोठा रस्ता झाला, हेही त्या वर्षांचेच देणे.

खरी उलथापालथ केली ती वनहक्क कायद्याने. 2006 मध्ये कायदा झाला आणि 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ग्रामसभेची बांधणी त्याआधी कित्येक वर्षे केली होती, म्हणून तो कागद तिथे कामाला आला. 2011 च्या एप्रिलमध्ये बांबू वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कालपर्यंत ज्या बांबूसाठी माणूस चोर ठरत होता, त्याचा लिलाव गाव स्वतः करू लागले. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या नियमांनंतर तेंदूही अनेक ग्रामसभांनी स्वतःकडे घेतला. सगळे सुरळीत झाले असे नाही. 2017 ला भाव कडाडले, पुढच्या हंगामात कोसळले, ठेकेदारांनी पैसे थकवले. तरीही माझे मत ठाम आहे : गडचिरोलीत कामाचे महिने वाढवण्यासाठी या एका कायद्याने जेवढे केले, तेवढे कोणत्याही कारखान्याने केलेले नाही.

कारखान्यांची वाट जिल्ह्याने फार वर्षे पाहिली. कितीतरी काळ रेल्वे फक्त वडशापर्यंत होती. एटापल्लीच्या सुरजागड डोंगरात लोहखनिजाचे खोदकाम 2016 मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी डिसेंबरात तिथे वाहने जाळली गेली, 2021 नंतर काम जोरात आले आणि चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीत पोलादाचा प्रकल्प उभा राहिला. त्यातून पगारी नोकऱ्या मिळाल्या, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण ज्या डोंगरावर आसपासच्या गावांचे देव आहेत, त्याचा मोबदला पगाराच्या चिठ्ठीत बसत नाही. आणि तेंदू तोडणाऱ्या पन्नाशीच्या बाईला तिथे काम नाही.

ती बाई जानेवारी-फेब्रुवारीत कुठे असते? तेलंगणात, मिरची तोडायला. वारंगळ, खम्मम भागात. धान संपला, तेंदूला अवकाश आहे, मधले हे महिने कोरडे. मग पोराबाळांसह गाडीत बसायचे, शेताच्या कडेला पाल ठोकायचे आणि मार्चअखेरीस थोडे पैसे, थोडी मिरची घेऊन परतायचे. रोजगार हमीची कामे गावात वेळेवर निघाली आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर यातली कितीतरी घरे जाणार नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत हे मजूर उन्हातून पायी परतताना दिसले, तोवर ते जातात हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते.

ठाऊक नसण्याचे कारण आपल्या मोजणीतच आहे. रत्नागिरीत 2011 ला दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला गेल्याची खूण आकड्यात उमटली. गडचिरोलीत हे प्रमाण 982. इथे बायको-पोरांसह अख्खे घर जाते आणि परतते, त्यामुळे स्थलांतराची खूणच उरत नाही. शिवाय माणसे मोजण्याचे काम होते फेब्रुवारीत. त्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. शेताच्या कडेच्या पालात त्याला शोधायला कोण जाते? वर्षात सहा महिन्यांहून कमी काम केलेला माणूस ‘सीमांत’ रकान्यात टाकला जातो. पण धान, मोह, तेंदू, मिरची असे चार धंदे एकाच वर्षात करणाऱ्याला तिथे रकाना नाही.

2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची गणना 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाची आहे, म्हणजे पुन्हा ऐन मिरचीचा हंगाम. ग्रामसभांनी त्याआधीच, डिसेंबरात, आपल्या गावातून कोण, कुठे, किती दिवसांसाठी चालले आहे याची नोंदवही करावी. जिल्हा प्रशासनाने ती मागून घ्यावी आणि तेलंगणातल्या संबंधित जिल्ह्यांकडे पाठवावी.