सण घरचा, वेळापत्रक शाळेचे

पनवेलमध्ये १८४९ साली उभारलेले 'बेथ एल' हे बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनास्थळ आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारा हा समाज कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाई. त्यांच्या 'नव्याचा सण' आणि 'खिरीचा सण' यांची नावेही अस्सल मराठी. शेजाऱ्याचा सण निराळा असतो, हे पनवेलकरांना नवे नाही. आगरी-कोळ्यांची नारळी पौर्णिमा, मुसलमानांची ईद आणि नव्या वसाहतींतील ओणम, छठ यांची गाठ आता एकाच वर्गात पडते.

प्रत्येक सणाला सुट्टी देणे शाळेला शक्य नसते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस अध्यापन आवश्यक आहे. शिवाय सणांच्या तारखा सरकतात. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये, दहावीच्या परीक्षेतच आला. ज्यू कालगणनेत १९ वर्षांत ७ अधिक महिने धरले जातात. त्यामुळे योम किप्पूरचा उपवास नेहमी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सहामाही परीक्षेच्या सुमारास येतो.

शाळेतील पूजा-प्रार्थनेबाबत राज्यघटनेचा २८ वा अनुच्छेद स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीविना अज्ञान विद्यार्थ्याला धार्मिक उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, परंतु श्रद्धेपोटी ते न गाणारी केरळमधील तीन भावंडे शाळेतून काढली गेली होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला.

व्यवहारात उपाय साधे आहेत. जूनमध्येच पालकांकडून महत्त्वाच्या सणांच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि त्या दिवशी चाचणी ठेवू नये. ठेवावीच लागली, तर ती नंतर देण्याची मुभा असावी. उपवास असलेल्या मुलाला कवायतीतून सूट द्यावी. गणेशोत्सवात सजावट करणाऱ्या मुलाने आरतीला उभे राहावे की नाही, हे त्याच्या घरच्यांना आधी विचारावे. पालकांनीही ऐनवेळी चिठ्ठी न पाठवता पूर्वकल्पना द्यावी. आणि गैरहजेरीचे कारण भर वर्गात विचारू नये. आठ वर्षांच्या मुलाला आपल्या धर्माचा खुलासा चाळीस जणांसमोर करावा लागला, तर पुढच्या वर्षी ते सण घरीच सोडून शाळेत येईल.