रानडुक्कर, बंदूक आणि गोळीचे वजन



ऊस कांड्यावर आला की रानडुकरांचा कळप रानात शिरतो, बुडखे कुरतडतो आणि सरीच्या सरी आडव्या पाडून जातो. अशा वेळी पीक संरक्षणाचा परवाना असलेले सभासद आम्हाला हमखास विचारतात, "साहेब, जड गोळी घालावी का हलकी?" गोळी जेवढी जड तेवढी चांगली, असा समज सर्वत्र दिसून येतो. या समजाची फोड करणे जरूर वाटते, कारण त्याचा संबंध माणसाच्या जिवाशी आहे.

प्रथम कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. रानडुक्करसुद्धा लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. एक असला म्हणजे दुसरी मिळाली, असे कोणी समजू नये.

आता वजनाकडे वळू. काडतूस म्हणजे टोपी, दारू आणि गोळी मिळून झालेला संच. वजन सांगतात ते फक्त गोळीचे, आणि ते 'ग्रेन' या मापात. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, म्हणजेच ११.६६ ग्रॅम, आणि १५० ग्रेन म्हणजे दहा मासे.

अमेरिकेत हरणांची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात चालते. तिथे 'थर्टी-ओ-सिक्स' नावाची रायफल फार वापरतात. हे काडतूस १९०६ साली तिथल्या सैन्याने स्वीकारले, म्हणून नावात सहाचा आकडा आला. त्यात दहा माशांची गोळी सेकंदाला सुमारे ८८५ मीटर वेगाने सुटते, तर तोळ्याची गोळी सुमारे ८२५ मीटर वेगाने. म्हणजे वजन वीस टक्के वाढले की वेग कमी होतो. दोन्हींच्या जोराचा हिशेब केला तर फरक जेमतेम चार टक्के निघतो. मग निवड कशावर करतात? हलकी गोळी सरळ जाते, अंगात शिरताच लवकर पसरते. हरणासारख्या पातळ अंगाच्या जनावराला ती पुरते. जड गोळी मंद सुटते, पण वेग टिकवते आणि खोल जाते. म्हणून मोठ्या, जाड हाडाच्या जनावराला ती घेतात. थोडक्यात, वजन जनावर पाहून ठरवतात. जड म्हणजे चांगली, असा नियम तिथेही नाही.

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. शस्त्र कायदा १९५९ नुसार पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्यांचे मत झाले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. रायफल नव्हे. बारा बोअरची बंदूक बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे. 'बारा' म्हणजे काय? नळीत चपखल बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात. एक गोळा सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे सव्वातीन तोळ्यांचा. याच बंदुकीतल्या 'एसजी' छर्ऱ्याचा एक दाणा भरतो साडेतीन ग्रॅम.

नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढाल असते. बारीक छर्ऱ्याने ते नुसते जखमी होते, उसात शिरते आणि सकाळी ऊस बघायला गेलेल्या माणसावर उलटते. म्हणून बारीक छर्रा वापरूच नये. पण म्हणून सर्वांत जड गोळा घालावा काय? इथेच थांबून विचार करावा.

एक एकराचा चौकोनी तुकडा धरला तर त्याची बाजू भरते सुमारे ६४ मीटर. एसजीचा दाणा चुकला तर अर्धा किलोमीटरपर्यंत धोक्याचा असतो. बारा बोअरचा गोळा सुमारे एक किलोमीटर जातो. वर सांगितलेल्या रायफलची गोळी तर जवळजवळ पाच किलोमीटर जाऊ शकते. उसाची पाने तिला अडवत नाहीत. उलट, कांड्याला लागून ती दिशा बदलते. जड गोळी फांद्या-कांड्यांतून सरळ जाते असे म्हणतात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि त्या उसापलीकडे कोण आहे ते रात्री दिसत नाही. रात्रपाळीची वीज असली की शेजारी दारे धरायला आलेला असतो. हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या शिवारातच असतात, त्यांची लेकरं तिथंच झोपलेली असतात. गोळी हलकी असो वा जड, माणसाला दोन्ही सारख्याच.

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. वनविभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय बंदूक बाहेर काढू नये.

२. पानांची सळसळ ऐकून उसात बार टाकू नये. जनावर मोकळ्यावर आल्यावर, पूर्ण दिसल्यावरच बार काढावा.

३. माळ्यावर बसून नेम खाली धरावा, म्हणजे चुकलेली गोळी जमिनीत जाईल. खडकावर किंवा पाण्यावर मारू नये, छर्रा उसळतो.

४. त्या रात्री कोण कुठे पाणी पाजत आहे याची आधी चौकशी करावी. शेजाऱ्यांना व टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवावे.

५. मेलेले डुक्कर सरकारी मालमत्ता असते. मटणाचे वाटे घालू नयेत. वनविभागास ताबडतोब कळवावे.

६. बंदुकीला पर्याय म्हणून कुंपणात विजेच्या लाईनचा प्रवाह सोडणे हा तर गुन्हाच. त्यात माणसे मेली आहेत.

नुकसान झाले तर पडलेला ऊस उचलण्याआधी वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. रानडुकराने केलेल्या उसाच्या नुकसानीस शासनाची भरपाई मिळते. अर्जास सात-बारा उतारा व ऊस नोंदीची माहिती लागली तर आमच्या गट कार्यालयातून ती देण्यात येईल. पडलेला ऊस आधी तोडण्याची विनंतीही तिथेच नोंदवावी.

मोडलेला ऊस खोडव्याला पुन्हा फुटेल. माणूस गेला तर गेलाच. तेव्हा गोळीचे वजन विचारण्याआधी गोळी कुठे जाऊन थांबणार आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी