गटाची वही लिहिणारीला कोणकोणती कामं मिळू शकतात?

रोवण्याची गडबड आता संपली, तेव्हा थोडं निवांत बसून ऐका. आज पैशाच्या कामांबद्दल बोलायचं आहे. पैसा उसना कसा घ्यावा, हे सांगायचं नाही. पैशाचा हिशेब ठेवून, बँकेचं काम करून बाईला आपल्या गावात राहून पोट कसं भरता येतं, ते सांगायचं आहे.

हा विषय सुचला तो आमच्याच एका गटाच्या बैठकीत. एका मावशीची मुलगी बारावी कॉमर्स झालेली. मावशी म्हणाल्या, "पोरगी शिकली, पण रामटेकात काय करंल? नागपूरला पाठवायचं तर खोलीभाडं कोण देईल? त्यापेक्षा यंदा लगीन उरकून टाकतो." मुलगी काही बोलली नाही. समोर गटाची कर्जाची वही उघडी पडली होती, ती चाळत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, हे व्याज चुकलं आहे."

आम्ही वही ओढून घेतली. एका बाईनं गटातून १०,००० रुपये घेतले होते. महिना दोन टक्के व्याज, आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल परत. पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये, ते बरोबर. दुसऱ्या महिन्यात मुद्दल राहिलं ९,०००, म्हणजे व्याज १८० हवं. तिसऱ्या महिन्यात १६०. आमच्या वहीत मात्र दर महिन्याला २०० च लिहिलेले. असं दहा महिने चाललं तर त्या बाईचे २,००० रुपये व्याज जातं. राहिलेल्या मुद्दलावर धरलं तर होतं १,१००. फरक ९०० रुपयांचा. मजुरीवर जाणाऱ्या बाईला ९०० रुपये म्हणजे किती दिवस वाकावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

चूक आमची होती. वही तपासून सही आम्हीच करत होतो. पुढच्या बैठकीत त्या बाईचे जास्तीचे पैसे परत केले आणि नियम सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्या दिवशी आमच्या ध्यानात आलं की जिला आपण 'करंल काय?' म्हणत होतो, तिनं दहा मिनिटांत गटाचं काम केलं होतं. ह्याच कामाचे बाहेर पैसे मिळतात.

कोणाला वाटेल, बँकेचं काम म्हणजे शहरातल्या शिकलेल्या लोकांचं. तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट ऐका. तिथे चेतना सिन्हा यांनी बायकांना घेऊन बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर कितीतरी बायकांचे अंगठे होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्या बँक कशी चालवणार? बायका घरी बसल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. म्हसवडच्या त्या बायकांचं आपल्यासारखंच एक रेडिओ केंद्रही आहे. सांगायचं एवढंच की हिशेब आपल्या डोक्यात आधीपासून असतो. तो कागदावर आणायचा, परीक्षा द्यायची आणि त्याचे पैसे मागायचे.

आता कामं एकेक करून पाहू.

पहिलं काम गटाच्या वहीपासूनच सुरू होतं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. यातलं पाचवं जिला नीट जमतं, तिला पुढे वाट आहे. 'उमेद'मध्ये ग्रामसंघ आणि प्रभाग संघाला हिशेब लिहिणारी लागते, गावोगाव गट बांधणारी आणि पैशाचं शिक्षण देणारी लागते. 'माविम'च्या लोकसंचालित साधन केंद्रात सहयोगिनी असते, लेखापाल असते, व्यवस्थापक असते. ही कामं मानधनाची आहेत. मानधन थोडं असतं आणि कधीकधी उशिरानं येतं, हे आम्ही लपवणार नाही. पण कॅशबुक, खतावणी, ताळेबंद हे सगळं इथे शिकायला मिळतं. आम्ही स्वतः बीए आहोत, कॉमर्सचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. जमाखर्च गटातच शिकलो.

दुसरं काम बँक सखीचं. ही आपल्याच गटातली बाई असते आणि बँकेच्या शाखेत बसते. गटाचं खातं उघडणं, कर्जाची फाईल पूर्ण करणं, हप्ते थकलेल्या गटांना आठवण देणं, हे तिचं काम. बँकेच्या दारात बाई बुजली की तिला हात धरून आत नेणारी हीच.

तिसरं काम बीसी सखीचं. बँकेचे प्रतिनिधी गावात नेमायला रिझर्व्ह बँकेनं २००६ साली परवानगी दिली, त्यातून हे काम आलं. साधारण दहावी पास लागते, पोलीस पडताळणी होते आणि आयआयबीएफ या संस्थेची परीक्षा द्यावी लागते. मग एक छोटं यंत्र मिळतं. बाईनं आधार नंबर सांगून अंगठा लावला की तिच्या खात्यातले पैसे सखी देते. देवलापारकडच्या जंगलातल्या गावांत विचारा, निराधारचे किंवा लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये काढायला बँकेत जायचं म्हणजे गाडीभाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. सखी गावात असली की दोन्ही वाचतं.

पण या कामाचं गणित आधी समजून घ्या. इथे पगार नसतो, प्रत्येक व्यवहारावर कमिशन असतं. सखी हातातली स्वतःची रोकड देते आणि तेवढी रक्कम तिच्या खात्यात येते. ती रोकड पुन्हा शाखेतून आणावी लागते. म्हणजे सुरुवातीला थोडं भांडवल हवं आणि येण्या-जाण्याचा खर्च धरायला हवा. पहिले काही महिने कमाई कमीच दिसते. आणि तीन गोष्टी कधी करायच्या नाहीत: कोणाचं पासबुक स्वतःकडे ठेवायचं नाही, कोणाचा पिन विचारायचा नाही, पावती दिल्याशिवाय कोणाला परत पाठवायचं नाही. गावात एकदा विश्वास गेला की यंत्राला कोणी अंगठा लावत नाही.

चौथं काम विमा सखीचं. एलआयसीची ही योजना ९ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. वय १८ ते ७०, शिक्षण दहावी. पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन, शिवाय विक्रीवर कमिशन. ऐकायला गोड वाटतं, पण ही नोकरी नाही. ठरलेल्या पॉलिसी विकाव्या लागतात, आणि विकलेल्या पॉलिसी चालू राहिल्या तरच पुढच्या वर्षीचं विद्यावेतन मिळतं. म्हणून नात्यातल्या बाईला गळ घालून पॉलिसी देऊ नका. तिला हप्ता झेपला नाही तर तिचंही नुकसान आणि तुमचंही.

आता शिकलेल्या मुलींचं. पदवी कोणतीही असो, सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही परीक्षा देता येते. पतसंस्था आणि सेवा सहकारी संस्था गावोगाव आहेत. त्यांना हिशेबाची माणसं लागतात. परीक्षा पास होऊन अनुभव घेतला की पुढे अशा संस्थांचं लेखापरीक्षण करण्यासाठी खात्याच्या नामतालिकेवर नाव लावता येतं. संगणकावर टॅली शिकलेल्या मुलीला दुकानदारांचं आणि जीएसटीचं काम मिळतं. बारावीनंतर सीएची पहिली पायरी, म्हणजे फाउंडेशन परीक्षा, देता येते. वर्षं लागतात, पण त्यासाठी बाप श्रीमंत असावा लागत नाही, चिकाटी लागते. बँकेत लिपिक किंवा ग्रामीण बँकेत कार्यालय सहायक व्हायचं तर पदवीनंतर आयबीपीएसची परीक्षा आहे आणि ती मराठीतूनही देता येते. वयाची अट २८ वर्षांपर्यंत असते, राखीव गटांना सवलत असते. म्हणजे लग्न उरकून मग बघू म्हटलं तर वय निघून जातं, हे आईबापांनी ध्यानात घ्यावं.

एक सावधगिरी. बँकेत लावून देतो, पन्नास हजार ठेवा, असं म्हणणारा माणूस गावात आला तर त्याला चहाही पाजू नका. परीक्षेची फी अर्जासोबतच भरायची असते, ती कोणाच्या हातात द्यायची नसते. बीसी सखी किंवा बँक सखी व्हायचं असेल तर पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षात जाऊन स्वतः विचारा. एकटीला अवघड वाटलं तर दोघी जा.

आणि धंदा करणाऱ्या गटांनाही सांगतो. त्रिपुरी पौर्णिमेला गडावरच्या यात्रेत आपण खाण्याचं दुकान लावतो. तेल, पीठ, गॅस, सगळं मोजतो. चौघी पहाटेपासून राबतो ते मात्र मोजत नाही आणि म्हणतो, नफा झाला. ती मजुरी वहीत लिहून बघा. मग कळतं की भाव कितीचा हवा होता. असं लिहिणारी एक बाई प्रत्येक गटाला हवी, आणि तिला गटानं थोडं का होईना, मानधन द्यावं. फुकटच्या कामाला आपण काम म्हणत नाही, मग मुलींनाही ते काम वाटत नाही.

तर पुढच्या बैठकीत एक करा. कर्जाची वही काढा, एक कर्ज घ्या आणि दर महिन्याचं व्याज राहिलेल्या मुद्दलावर आहे का, ते सगळ्यांसमोर तपासा. हे तपासायला घरातली शिकलेली मुलगी किंवा सून बोलवा. बाहेरच्या कंपनीचं कर्ज असेल तर तिथेही हाच प्रश्न विचारा: मुद्दल कमी झालं की व्याज कमी होतं का?

ती कॉमर्सवाली मुलगी आता आमच्याबरोबर तीन गटांच्या वह्या तपासते. महिन्याला मिळतात ते पैसे फार नाहीत, पण बी.कॉम.च्या फीला लागले. लग्नाचं विचारलं तर मावशी आता म्हणतात, "थांबा जी, तिची परीक्षा आहे."