दम लागावा, दम घ्यावा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पायऱ्या फक्त पाच होत्या. तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. माझं नाव पुकारलं गेलं, मी मंचावर चढले आणि माईकसमोर उभी राहिले. कविता माझीच, तोंडपाठ. पण पहिली ओळ अर्ध्यावर आली आणि श्वासच संपला. लोकांना वाटलं, बाई भावनावश झाल्या. पुढच्या रांगेतल्या एकीने तर डोळ्यांना पदर लावला! खरं कारण मला एकटीलाच ठाऊक होतं. तेव्हा माझं वय होतं त्रेपन्न.

त्या रात्री अम्मीची फार आठवण आली. शेवटची चार वर्षं तिला पलंगापासून न्हाणीपर्यंत जायलाही माझा खांदा लागायचा. जन्मभर घरात राबलेल्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, असं तीही म्हणायची आणि आम्हीही. उद्या मला कुणाचा खांदा शोधावा लागेल, हा विचार काही डोक्यातून जाईना.

डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठीक होतं, साखर मात्र वेशीपर्यंत आलेली. ‘रोज चाला,’ ते म्हणाले. मुलाने हौसेने चालण्याचं यंत्र आणलं. दोन आठवडे मी त्यावर चालले, मग त्यावर दुपट्टे वाळू लागले. सकाळी एकटी फिरायला जाऊ लागले, तर पहिल्या पावसाने दिलेली सुटी दिवाळीपर्यंत टिकली. एका चकचकीत व्यायामशाळेत वर्षाची फी भरून तिसऱ्या दिवशी परत आले. चारी बाजूंना आरसे, आणि प्रत्येक आरशात मीच!

शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘भाभी, आमच्या वर्गाला नुसतं बघायला चला. नाही पटलं तर परत या.’ समाजमंदिराच्या सभागृहात सकाळी साडेसहाला वीस-बावीस बायका जमल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, भाजी विकणाऱ्या मावशी, बँकेतली एक मुलगी. कुणी साडी खोचलेली, कुणी सलवार-कमीजमध्ये. शिकवणाऱ्या ताई एकेकाळी खो-खो खेळलेल्या. हाती लेझीम घेऊन त्यांनी ताल धरला आणि सगळ्या पावलं टाकू लागल्या. मी खुर्चीवर बसले होते, पण पाय काही बसेनात. दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभी राहिले.

असा वर्ग शोधताना काय पाहावं, हे मी अनुभवाने शिकले. वर्ग घराजवळ हवा. जायला अर्धा तास लागणार असेल, तर पाऊस आणि पाहुणे ही दोन कारणं न जाण्याला पुरतात. वर्षाची फी भरण्याआधी चार दिवस जाऊन बघावं. गुडघे, कंबर, रक्तदाब, चालू औषधं यांची चौकशी शिकवणारी व्यक्ती आपणहून करते का, ते पाहावं. न जमणाऱ्या हालचालीला ती सोपा पर्याय देते का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, घरी परतताना मन हलकं वाटतं का? लाज वाटत असेल, तर वर्ग बदलावा. व्यायाम सोडू नये.

महिनाभराने ताई म्हणाल्या, ‘उद्यापासून इंटरव्हल ट्रेनिंग.’ मला इंटरव्हल ठाऊक होता तो टॉकीजमधला, वड्याचा आणि चहाचा! पण अर्थ फार लांबचा नव्हता. काही वेळ जोर लावायचा, मग मध्यंतर घ्यायचं, मग पुन्हा जोर. खो-खोत ‘खो’ मिळाला की जीव तोडून धावायचं आणि खो दिला की पाटावर बसून दम घ्यायचा. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची, मग आपल्या अंगणात परत. आपल्या मातीतले हे खेळ दुसरं काय शिकवतात? धावपटूंनीही हे तंत्र कधीच आपलंसं केलं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकणारा एमिल झाटोपेक सरावात चारशे मीटर पुन्हा पुन्हा वेगाने धावायचा आणि मधे हळू पळत दम घ्यायचा.

आपल्यासारख्यांच्या कामाची गोष्ट मात्र जपानमधली आहे. तिथल्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्यमवयीन आणि वयस्कर माणसांना तीन मिनिटं भरभर आणि तीन मिनिटं सावकाश असं आलटून पालटून चालायला लावलं. अशा किमान पाच फेऱ्या, आठवड्यातून किमान चार दिवस, पाच महिने. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकसारख्या मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा या मंडळींच्या मांड्यांची ताकद आणि दम अधिक वाढला होता, वरचा रक्तदाबही अधिक उतरला होता.

याचं कारण साधं आहे. भरभर चालताना स्नायू जास्त प्राणवायू मागतात. तो पोचवायला हृदय आणि फुप्फुसं जोमाने कामाला लागतात. स्नायू रक्तातली साखरही वापरतात. सलग पंधरा मिनिटं तसं चालणं माझ्यासारखीला जमणार नाही. पण मधे उसंत मिळाली, तर तुकड्यातुकड्यांनी तीच पंधरा मिनिटं भरतात. वृत्तात यति असतो ना, तसंच हे. थांबा असतो म्हणून पुढची ओळ म्हणता येते.

जोर किती लावायचा? ताईंची परीक्षा सोपी आहे. सावकाश चालताना शेजारणीशी निवांत गप्पा मारता याव्यात. भरभर चालताना चार-दोन शब्द बोलता यावेत, पण गाणं म्हणता येऊ नये. मी कवितेवर ताडून पाहते. एक ओळ सलग म्हणता आली, तर अजून वेग वाढवायला हवा! सुरुवातीला पाच-सात मिनिटं अंग मोकळं करावं, शेवटी हळूहळू थांबावं. पहिल्या आठवड्यात एकच मिनिट भरभर चाललं आणि दोनच फेऱ्या झाल्या, तरी पुष्कळ.

काही सावधगिरी मात्र हवी. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबावं आणि लगेच डॉक्टर गाठावा. ‘चार मिनिटांत तंदुरुस्ती’ असल्या मोहात आपण पडू नये. वीस सेकंद सारं बळ लावून दहा सेकंद थांबण्याची जी पद्धत गाजली, तिचा १९९६चा अभ्यास तरुण, सुदृढ मुलांवर झाला होता. रमजानमध्ये मी रोजे असताना दिवसा जोराची चाल टाळते. इफ्तारनंतर तासाभराने साधी फेरी मारते.

आता चार वर्षं झाली. साखर अजून वेशीवरच आहे, आत आलेली नाही. पायऱ्या चढल्यावर आजही मी माईकसमोर क्षणभर थांबते, पण त्यानंतरची ओळ पूर्ण होते. एकटीने मी हे चार आठवडेही केलं नसतं. गेल्या महिन्यात कणकण आली म्हणून गेले नाही, तर आठ वाजता भाजीवाल्या मावशींचा फोन. ‘भाभी, तुमची जागा मोकळी दिसली. बऱ्या आहात ना?’

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी माझ्या जागेवर होते.